कोळशाच्या वाटेनं खाली

(धुक्यातला लाल मनोरा. कॅमेरा पायथ्यापासून वर जातो.)

जर्मनीतलं एसेन शहर. त्सोलफराइन कोळसा खाणीच्या बाराव्या शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीचा, हा मनोरा, उंची 55 मीटर. ही वरची चाकं फिरायची, दोर ताणले जायचे आणि भुईच्या पोटातून कोळशाचे डबे वर यायचे. दिवसाला 12 हजार टन. 23 डिसेंबर 1986ला चाकं थांबली.

(इमारतींच्या रांगा. विटा, पोलादी चौकटी.)

शाफ्ट 1932चा. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुरचनाकारांनी प्रत्येक इमारत दुसरीशी तोलून उभी केली. कोळसाच काढायचा, तर एवढा नखरा कशाला? या अंगणात उभं राहिलं की हा प्रश्न पडेनासा होतो.

(नारिंगी उजेडातला सरकता जिना.)

58 मीटर लांबीचा हा जिना आपल्याला थेट 24 मीटर उंचीवर नेतो. म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्याच्या माथ्यावर. खाणीतून आलेल्या मालात कोळशाइतकाच दगडही असायचा. तो पट्ट्यांवरून इथे वर चढायचा आणि मग उतरताना चाळला जायचा. पुढे पाण्याच्या हौदात त्याला खालून हिसके बसायचे. कोळसा हलका, तो वर राहायचा. दगड तळाशी. पाखडणाऱ्या बाईच्या सुपात होतं तेच, फक्त पाण्यात आणि टनावारी.

आता या यंत्रांच्या मधोमध रूर संग्रहालय आहे, 2010पासून. मजल्यांची नावंही मीटरातच : 17, 12, 6. माणसं वरून खाली उतरतात, कोळशाच्याच वाटेनं.

(गंजलेले पाइप, भट्ट्यांची लांब रांग.)

खाण बंद पडली, हजारोंची रोजी गेली. एसेनभोवतीच्या रूर खोऱ्याची जमीन खाणकामामुळे जागोजाग खचलेली आहे आणि भुईखालचं पाणी उपसणारे पंप आजही बंद करता येत नाहीत.

या कोकभट्ट्या, म्हणजे कोळसा तापवून पोलाद कारखान्यांसाठी कोक करणाऱ्या भट्ट्या, 1993पर्यंत धगधगत होत्या. नंतर त्या चीनला विकायचं घाटत होतं. सौदा फिसकटला, मग पाडायची भाषा सुरू झाली. पाडल्या नाहीत, हे बरं झालं. 2001मध्ये सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

(हिवाळा. भट्ट्यांलगत बर्फाचा लांब पट्टा. स्केटिंग करणारी मुलं. निवेदन थांबतं, फक्त बर्फावर घासणाऱ्या पात्यांचा आवाज.)