चिंच गाभुळेपर्यंत

(एका निवृत्त बालरोगतज्ज्ञांनी पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. दाराशी बुटाचा रिकामा खोका ठेवला होता, त्यात नाव न लिहिता प्रश्न टाका असं तुम्हाला सांगितलं होतं. चहाच्या वेळी मी चिठ्ठ्या चाळल्या. ताप, दात, जेवत नाही, मोबाइल सोडत नाही, हे नेहमीचं आहेच. पण सात चिठ्ठ्या अशा निघाल्या की त्यांत कशाबद्दल विचारलंय तेच लिहिलेलं नाही. 'मुलाच्या त्या जागेची काळजी', 'खालची स्वच्छता', आणि एकीत तर नुसतं, 'डॉक्टर, ते मागे जात नाही, काय करू?' काय मागे जात नाही ते इतक्या वर्षांच्या सवयीनं मला कळतं, म्हणून ठीक. घरात सगळे नुन्नी म्हणतात, मीही आज तेच म्हणेन. पुढच्या कातडीला कातडी म्हणेन. कोणी लाजायचं नाही, पुढच्या रांगेतल्या आजोबांनी तर अजिबात नाही.

तर ते मागे जात नाही, कारण ते मागे जायचंच नसतं. तान्ह्या मुलाची पुढची कातडी आतल्या बोंडाला, म्हणजे नुन्नीच्या टोकाला, चिकटलेली असते. हा आजार नाही, दोष नाही, घडणच तशी आहे. नखाखालचं मांस जसं नखाला धरून असतं, तसं या दोघांमधलं पातळ अस्तर दोन्ही बाजूंना धरून असतं. तुम्ही लहानपणी चिंचा पाडल्या असतील. हिरव्या चिंचेचं टरफल सोलून बघा, गरासकट निघतं, बोटं आंबट होतात आणि हाती काही लागत नाही. तीच चिंच गाभुळली की आत टरफल आपोआप सुटं होतं, नुसतं दाबलं तरी खुळखुळतं. मधे कोणी काही केलेलं नसतं. कातडीचंही तसंच. आतल्या पेशी झडत जातात, थोडी थोडी जागा होते, मूल वाढतं तसं तोंड सैल होतं. कोणाचं तिसऱ्या वर्षी, कोणाचं आठव्या, कोणाचं मिसरूड फुटायच्या वेळी.

आता आपल्याकडे काय होतं? बाळंतीण माहेरी येते, आंघोळ घालायला बाई ठेवतात. मला या बायकांबद्दल आदर आहे. पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळ पालथं घेऊन ज्या सफाईनं त्या न्हाऊ घालतात ते मला या वयातही जमणार नाही. पण आंघोळीच्या शेवटी त्या तीन गोष्टी करतात. कानात तेल घालतात. बाळाची छाती पिळून 'दूध' काढतात. आणि मुलगा असेल तर अंगठा-तर्जनीत धरून कातडी मागे ओढतात, वर तेलाचा थेंब सोडतात. बाळ किंचाळतं. बाई म्हणते, रडू दे, फुफ्फुसं मोकळी होतात. तिन्ही गोष्टी बंद करा. पहिल्या दोहोंवर पुन्हा कधी बोलू.

ओढल्यानं काय होतं ते जवळून सांगतो. दहा महिन्यांचा एक मुलगा आणला होता. आई सांगत होती, शू करताना रडतो, पाय पोटाशी घेतो. मी पाहिलं तर कातडीच्या तोंडाशी बारीक बारीक चिरा होत्या, काही ताज्या, काहींवर पांढरी खपली. रोज सकाळी नवी चीर, रात्रीपर्यंत ती थोडी भरते, सकाळी पुन्हा ओढ. जखम भरताना व्रण होतो आणि व्रणाची कातडी ताणत नाही. म्हणजे 'उघडावी' म्हणून जे चाललं होतं, त्यानंच ती कायमची आवळायला लागली होती. त्या मुलाला पुढे शस्त्रक्रिया लागली. न ओढता ठेवला असता तर बहुधा लागली नसती.

यात सगळा दोष बाईंवर टाकायची माझी तयारी नाही. शिकत असताना मी स्वतः हे केलंय. वॉर्डात बाळ तपासायचं, कातडी मागे घेऊन पाहायची, पुरती गेली नाही की कागदावर 'फायमोसिस', म्हणजे कातडी आवळलेली, असं लिहायचं आणि सर्जनकडे पाठवायचं. असंच शिकवलं होतं. त्या शिकवण्याचं मूळ कुठे आहे ते ऐकण्यासारखं आहे.

1949 साली डग्लस गेर्डनर नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. तेव्हा इंग्लंडात धर्माचा संबंध नसतानाही सुखवस्तू घरांत मुलांची सर्रास सुंता होत असे. गेर्डनरनं शंभर नवजात मुलं तपासली, त्यांतल्या फक्त चौघांची कातडी पूर्ण मागे जात होती. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजतो तोच नियम, हे त्यानं आकड्यांत दाखवलं. शिवाय या शस्त्रक्रियेपायी इंग्लंड-वेल्समध्ये पाच वर्षांखालची सोळाएक मुलं दर वर्षी दगावतात, हेही त्यानं मांडलं. एरवी धडधाकट मुलं. त्यानंतर तिथली ही प्रथा झपाट्यानं कमी झाली.

पण त्याच लेखात असंही होतं की तीन वर्षांपर्यंत नव्वद टक्के मुलांची कातडी मागे जाते. हा आकडा फार घाईचा होता. 1968 मध्ये डेन्मार्कच्या ओस्टर या डॉक्टरांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासून दाखवलं की सहा-सात वर्षांच्या मुलांत तब्बल 63 टक्क्यांची कातडी अजून कुठे ना कुठे चिकटलेली असते आणि सोळा-सतराव्या वर्षी हेच प्रमाण 3 टक्क्यांवर येतं. कोणी काही न करता. तरी पुस्तकांत 'तीन वर्षं' राहिलं ते राहिलंच. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी 'चौथं लागलं, आता ऑपरेशन करून टाका' असं म्हटलं असेल, तर तो 1949 चा आकडा बोलतोय असं समजा.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर सुश्रुतसंहितेत यासाठी वेगवेगळी नावं आहेत. तोंड आवळून लघवी अडते ते निरुद्धप्रकश, मागे गेलेली कातडी बोंडामागे अडकून सुजते ती परिवर्तिका, आणि कातडी फाटते ती अवपाटिका. फाटण्याच्या कारणांत जोरानं मर्दन करणं, बळानं कातडी उलटवणं हे सरळ दिलेलं आहे. निरुद्धप्रकशावर उपाय म्हणून तुपानं माखलेली दोन्ही बाजूंनी उघडी नळी घालायची, दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड, असं सांगितलंय. म्हणजे तिथेही हळूहळूच. आंघोळीच्या तेलाला 'आयुर्वेदात आहे' म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

मग स्वच्छता कशी करायची? जेवढं बाहेर दिसतं तेवढं साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, टिपायचं, झालं. आत साबण नको, कापसाचा बोळा नको, पाण्यात अँटिसेप्टिकचे थेंब नकोत. बाहेरचा साबणाचा फेस नीट धुऊन काढा, कारण लालसर होऊन येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना साबणच लागलेला असतो. डायपर भिजलेला ठेवू नका. आपलं जुनं सुती लंगोट-दुपटं या बाबतीत वाईट नव्हतं, फक्त ते बदलत राहायला घरात माणसं लागत.

एका चिठ्ठीत लिहिलंय, 'आत पिवळट पांढरी गाठ दिसते, पू आहे का?' नाही. झडलेल्या पेशी आणि तेलकट स्राव आत साठून साबुदाण्यासारखा गोळा होतो, कातडीतून दिसतो. लालसरपणा नाही, दुखत नाही, तर तो सोडून द्या. चिंच सुटत असल्याची ती खूण आहे. एक दिवस आपोआप बाहेर येतो. पिळून काढायचा नाही. दुसऱ्या चिठ्ठीत, 'शू करताना पुढे फुगा होतो.' तोंड बारीक आणि आतली जागा सुटी झालेली, म्हणून क्षणभर फुगतं. धार चांगली असेल, दुखत नसेल, तर तेही काळाबरोबर जातं.

काळजी कधी करायची ते मात्र लक्षात ठेवा. कातडीचं तोंड पांढरं, कडक, चामड्यासारखं झालं असेल. आधी मागे जात होती आणि आता जात नसेल. वरचेवर सुजून पू येत असेल. लघवी थेंब थेंब होत असेल, किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल. तान्ह्या मुलाला नुसताच ताप असेल आणि कारण सापडत नसेल, तर लघवी तपासून घ्या. सुंता झालेल्या मुलांत या वयात लघवीचा संसर्ग कमी होतो हे खरं आहे, लपवायचं कारण नाही; पण न झालेल्यांतही तो शंभरातल्या एखाद्यालाच होतो. खरोखर आवळलेल्या कातडीला पुष्कळदा स्टिरॉइडचं मलम चार ते आठ आठवडे लावून गुण येतो. ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच, शेजारणीच्या कपाटातलं नाही.

आणि एक गोष्ट तातडीची. कातडी मागे गेली आणि पुढे येत नाही, बोंड सुजून जांभळट झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता असलं तरी दवाखाना गाठायचा. हीच ती परिवर्तिका. म्हणून ज्याची कातडी सहज मागे जायला लागली आहे, त्याला शिकवताना निम्मंच शिकवू नका. मागे घे, पाण्यानं धू, आणि पुन्हा पुढे आण. तिसरं काम मुलं विसरतात.

हे शिकवायचं कधी? मुलगा स्वतः एक दिवस तुम्हाला दाखवेल, 'आई, बघ.' मागे घेणारा पहिला हात त्याचा असावा, दुसऱ्या कोणाचा नाही. नंतर आंघोळीत तो स्वतः धुवेल. बाबांनी सांगितलं तर बरं, पण बाबा लाजतात. त्याच बोलण्यात हेही सांगून टाका की तिथे हात लावायचा हक्क दुसऱ्या कोणाला नाही, आणि डॉक्टर तपासतील तेव्हा आई किंवा बाबा समोर असतील.

ज्यांच्या घरी सुंता होते त्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांना एकच सांगतो. लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल, तर सुंता थांबवा आणि आधी बालशल्यचिकित्सकाला दाखवा. दुरुस्तीला तीच कातडी वापरतात.

आणि कातडीच्या नादात गोट्या बघायच्या राहून जातात. सहा महिन्यांपर्यंत दोन्हींपैकी एक जरी खाली उतरली नसेल तर दाखवा; शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते. शाळकरी मुलाला अचानक तिथे जोरात दुखलं, ओकारी आली, तर पीळ पडलेला असू शकतो. गोटी वाचवायला हातात साधारण सहा तास असतात. मुलं लाजून 'पोटात दुखतंय' म्हणतात, हे माहीत असू द्या.

शेवटची चिठ्ठी एका सुनेची दिसते. 'बाई ऐकत नाहीत. सासूबाई म्हणतात आमच्या तिन्ही मुलांचं असंच केलं, काय झालं त्यांना?' सासूबाईंशी वाद घालू नका, तुम्ही हराल. बाईंना सांगा, डोकं, पाठ, पाय तुमचे, तेवढा भाग मी धुते. आंघोळीच्या वेळी तांब्या घेऊन शेजारी बसा. आणि त्याचे पैसे कापणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.