गुडघा निखळला, एक्सरे नॉर्मल... पण पावलाची नाडी बघितली का?

नमस्कार मंडळी! आंबे काढायचा सीझन आला की आमच्याकडे कोकणात झाडावरून पडलेले पेशंट सुरू होतात, हायवेवरचे बाईकवाले तर बारमाही. हाड मोडलं की सगळ्यांना कळतं हो, पण आत रक्तवाहिनी गेलीय हे कळत नाही, कारण बाहेर रक्ताचा थेंब नसतो.

गुडघ्याचंच घ्या. मागच्या खळगीतून पॉप्लिटियल नावाची धमनी जाते, ती वर-खाली दोन्हीकडे बांधल्यासारखी असते, त्यामुळे गुडघा निखळला की तिला सरकायला जागाच नाही, मग ती ताणते, आतलं अस्तर फाटतं, गुठळी होते आणि खालचं रक्त बंद. त्यात गुडघा कधीकधी आपोआप जागेवर बसतो, एक्सरेत काही दिसत नाही, आणि माणूस पट्टा बांधून घरी! तिथे कोणीतरी गरम तेल चोळायला बसलेलं असतंच.

म्हणून पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे बोटं ठेवून नाडी बघा, दुसऱ्या पायाशी ताडून. पाय गार, फिकट, मुंग्या येतायत, बोटं हलत नाहीत, तर थांबू नका. नाडी लागली म्हणून निर्धास्तही होऊ नका, डॉक्टर घोट्याचं बीपी हाताच्या बीपीशी ताडतात, गुणोत्तर 0.9 च्या खाली आलं की सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन. रक्त उसळत असेल तर मात्र स्कॅन वगैरे नाही, थेट ऑपरेशन.

पायाचं रक्त परत सुरू करायला वेळ साधारण 6 तास, आणि ते अपघातापासून मोजायचे, हॉस्पिटलच्या दारातून नाही. आपल्याकडे कोल्हापूर म्हणजे घाट चढा, नाहीतर गोव्याला बांबोळीचं मेडिकल कॉलेज. म्हणून 108 लावतानाच दुसऱ्याने फोन करून विचारावं, रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत का. रक्त वाहत असेल तर हळद-चुना नको, कापड कोंबून जोरात दाबून धरा.

दुसऱ्या महायुद्धात ही धमनी नुसती बांधून टाकायचे, तेव्हा 100 तले सुमारे 72 पाय कापावे लागले. कोरियाच्या युद्धात ती जोडायला लागले आणि आकडा धाडकन खाली आला. आता बऱ्याचदा चांगल्या पायातली शीर काढून, उलटी करून जोडतात (उलटी, कारण शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात). रक्त परत आलं की पोटरी आतून सुजते, म्हणून तिला लांब चिरा देऊन उघडी ठेवतात. ते बघून नातेवाईक आमच्यावरच धावून येतात, "पाय वाचवायला आणला, तुम्ही फाडलात काय?" अहो, वाचवण्यासाठीच फाडलाय तो!