मनालीत दुपार लवकर होते

(दृश्य : पहाटेचा बाजार, बंद दुकानं, पुलाखालची बियास.)

मे महिन्यातली सकाळ, साडेपाच वाजलेत. मनालीच्या बाजारात एकही शटर वर गेलेलं नाही. पुलाखालची बियास मात्र जागी आहे, आणि काल संध्याकाळच्या मानाने तिचं पाणी बरंच उतरलंय. काठावरच्या दगडांवर ओल्या रेघेची खूण दिसते. रात्री पाणी तिथपर्यंत आलं होतं.

हा बाजार समुद्रसपाटीपासून सुमारे 2,050 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वात उंच माथ्यावर आणखी 400 मीटर रचले, की इथली भाजीची दुकानं लागतात. सुट्टीत इथे आलेली बहुतेक मंडळी रात्रभराच्या बसप्रवासाने थकून उशिरा उठतात, पराठे खाऊन अकराला बाहेर पडतात. या खोऱ्यात राफ्टिंग, पॅराग्लायडिंग किंवा ट्रेक करायचा तर निम्मी चूक तिथेच होते.

रात्री वरचं बर्फ गोठतं, त्यामुळे नाल्यांना पाणी कमी येतं. सूर्य चढला की बर्फ वितळायला लागतं, उतार तापतात, हवा वर सरकते आणि खालून कुल्लूकडून खोऱ्यात वारा भरतो. दुपारी शिखरांवर ढग जमतात. वितळलेलं पाणी दुपारनंतर वरच्या नाल्यांत फुगतं, आणि खाली कुल्लूपर्यंत यायला त्याला आणखी काही तास लागतात. नदी असो, आकाश असो की वाट, इथलं सगळं याच चक्रावर चालतं.

(दृश्य : पिर्डी. काठावर उलट्या ठेवलेल्या राफ्ट.)

राफ्टिंग मनालीत होत नाही. त्यासाठी 40 किलोमीटर खाली, कुल्लूच्या पुढे पिर्डीला जावं लागतं. पिर्डी ते झिरी हा सुमारे 14 किलोमीटरचा टप्पा. वाटेत भुंतरला पार्वती नदी येऊन मिळते आणि पाणी एकदम वाढतं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना वाटतं, हे तर आपल्याला येतंय. पण कुंडलिकेचं पाणी वीजप्रकल्पातून ठरलेल्या वेळी सुटतं, आणि ते अंगाला सोसवतं. बियासचं पाणी थेट बर्फातून आलेलं असतं. त्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट नुसता श्वास सावरण्यात जातं. साधारण दहा मिनिटांत हातापायांतली ताकद ओसरते. पोहता येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट लागतं ते यासाठी.

(दृश्य : जॅकेटचे बकल, अगदी जवळून.)

जॅकेटचे सगळे बकल लावा आणि पट्टे खालून वर घट्ट करत या. मग शेजारच्याला तुमचे दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. लगेच बदलून मागा, लाजू नका. हेल्मेटचं तसंच, मान हलवल्यावर ते कपाळावरून घसरता कामा नये. जीन्स घालू नका. ती भिजून जड होते आणि अंग गार ठेवते.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी-सारखी मूठ असते. एक हात कायम त्या मुठीवर असायला हवा. लाटेवर राफ्ट उसळली की सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या तोंडावर बसते. राफ्टमध्ये ओठ फुटतात, दात हलतात, ते दगडांपेक्षा या मुठीमुळे.

पाण्यात पडलात, तर उताणे व्हा. पाय पाणी वाहतं त्या दिशेला आणि पायाची बोटं पाण्याच्या वर ठेवा. पाणी कमरेएवढं दिसलं तरी उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं, की मागचं पाणी माणसाला पुढे दुमडतं आणि तोंड पाण्याखाली जातं. गाइडने दोरी फेकली तर दोरीच पकडा, ती ज्या पिशवीतून सुटत येते ती पिशवी नको. दोरी छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका.

फोटोसाठी नदीच्या मधल्या दगडांवर जाणं हा तर जिवाशी खेळ आहे. 8 जून 2014 रोजी याच नदीवर, खाली मंडी जिल्ह्यात, लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. फोटो काढण्यासाठी ते पात्रात उतरले होते. पात्र कोरडं दिसलं म्हणजे नदी शांत आहे, असं इथे धरून चालत नाही.

(दृश्य : सोलंग. उतारावर पसरलेलं पॅराग्लायडर.)

सोलंगला आणि खाली डोभीला पॅराग्लायडिंग होतं. प्रवासी पुढे, पायलट मागे. उडण्याआधी पायांचे दोन पट्टे आणि छातीचा एक, हे तीन स्वतःच्या हाताने ओढून बघा. पायाचे पट्टे राहिले, तर माणूस हार्नेसमधून खाली निसटतो. यात दुसरी संधी मिळत नाही.

मग पळायचं. बहुतेक जण दोन पावलांनी आपोआप खाली बसतात, कारण मागे बैठक आहे हे त्यांना जाणवतं. बसलात की सगळा भार पायलटवर येतो, वेग मिळत नाही आणि दोघं उतारावर घासत जातात. पाय हवेत आले तरी पायलट थांबवेपर्यंत पळत राहा. पायलटने वारा बघून ‘आज नको’ म्हटलं, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. तो पायलट चांगला आहे. पावसाळ्यात, 15 जुलै ते 15 सप्टेंबर, हिमाचलात राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग दोन्ही बंद असतं.

(दृश्य : देवदारांतून वर जाणारी पायवाट.)

वाटा पुष्कळ आहेत. वशिष्ठहून जोगिनी धबधब्यापर्यंतची अर्ध्या दिवसाची वाट पहिल्या दिवसाला उत्तम. मग सोलंग, धुंदी, बकरथाचवरून बियासकुंड. हामटा खिंड आणि भृगू सरोवर या दोन्ही जागा 4,200 मीटरच्या वर आहेत. तिथे सह्याद्रीतले सराईतच जास्त फसतात. दिवसाला तीन किल्ले करणारे पाय झपझप चढतात, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के असतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नका. डोकेदुखीसोबत मळमळ आणि जेवणावरची वासना गेली, तर वर जाणं थांबवा. त्रास होणाऱ्याला एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकायला सांगा. तोल गेला, तर रात्र असली तरी माणसाला खाली आणा.

अटल बोगद्यामुळे उंचीचा हा धोका नव्या वाटेने आलाय. 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा हा बोगदा सुरू झाला आणि पलीकडच्या लाहौल खोऱ्यातलं सिस्सू गाव जवळ आलं. पण ते 3,000 मीटरच्या वर आहे. दिवसभर जाऊन या, पहिल्याच रात्री तिथे झोपू नका.

(दृश्य : हामट्याच्या वाटेवरचा नाला, सकाळी आणि दुपारी चारला. एकच जागा.)

सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीला लागतो. आलात आणि पाणी वाढलेलं असलं, तर तंबू अलीकडेच लावा आणि पहाटे ओलांडा. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडल्यास सॅक झटकता येते. अनवाणी उतरू नका. गार पाण्याने तळवे बधिर होतात आणि दगड कळत नाही. तोंड पाणी येतं त्या दिशेला, काठी पुढे, आणि एका वेळी एकच पाऊल.

(दृश्य : संध्याकाळ, मनालीचा पूल.)

सात वाजलेत. बाजार आता भरलाय. पुलाच्या कठड्यावर थोडं वाकून कान दिला, तर पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज ऐकू येतो, बोथट, थांबून थांबून येणारा. तळाशी दगड दगडावर आपटतोय. दुपारचं बर्फ गावापर्यंत पोचलंय. कुल्लूला ते रात्री पोचेल.