ओढण्याआधी बांधायला हवं

[दृश्य: अभ्रकाच्या चकतीवर चिकटपट्टी दाबणारी बोटं]

पट्टी दाबायची आणि एका कडेनं उचलायची. अभ्रकाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो आणि खाली उघडा पडतो अणूंच्या पातळीवर सपाट असलेला ताजा पृष्ठभाग. इतक्या महागड्या यंत्रांच्या खोलीत हे काम अजूनही साधी चिकटपट्टीच करते.

इथे प्रथिनं बसवायची. मग अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईनं त्यातलं एक ओढायचं आणि त्याची घडी किती बलाला उलगडते ते मोजायचं. सुई जिला जोडलेली असते ती लवचिक पट्टी किती वाकली, हे तिच्या पाठीवर पडणारा लेसर सांगतो.

[दृश्य: करवतीच्या दातांसारखा आलेख]

1997 साली म्युनिकमध्ये हर्मन गाउब यांच्या गटानं स्नायूंतलं टायटिन नावाचं प्रथिन असं ओढलं. एकेक घडी 150 ते 300 पिकोन्यूटनला सुटत गेली आणि प्रत्येक सुटण्याचा आलेखावर एक दात उमटला. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख कोटीवा भाग.

आता खरी मेख इथे आहे. प्रथिन ज्यानं बांधलं, ते त्याच्या घडीआधी सुटलं तर मोजणार काय? बायोटिन आणि अ‍ॅव्हिडिन, म्हणजे एक जीवनसत्त्व आणि ते घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, ही जोडी चिवटपणासाठी प्रसिद्ध. पण 1994 च्या मोजणीत तीसुद्धा 160 पिकोन्यूटनच्या आसपास तुटली. टायटिनसाठी तिच्यावर विसंबणं धोक्याचं. अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला सहसंयुज बंध मात्र हजाराच्या पुढे टिकतो.

नुसत्या अभ्रकावर भागत नाही का? पाण्यात त्याच्या पृष्ठभागावरचे पोटॅशियम आयन सुटतात आणि ऋण भार उरतो. धन भाराची प्रथिनं आपसूक चिकटतात खरी, पण आडवीतिडवी, कधी घडी मोडून.

[दृश्य: डेसिकेटरचं, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या काचेच्या भांड्याचं झाकण]

म्हणून अभ्रकाला आधी सिलेन या सिलिकॉनच्या संयुगाची वाफ देतात. त्यानं पृष्ठभागावर अमिनो गट, म्हणजे पुढचं काही जोडायचे रासायनिक हुक, येतात. हे काम कोरड्या हवेतच करावं लागतं; ओलावा लागला की सिलेनचे रेणू एकमेकांतच गुंततात आणि सपाट जागेवर गुठळ्या उठतात. मुंबईच्या पावसाळ्यात ही डोकेदुखीच.

अमिनो गटावर पीईजीचा, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा लवचिक धागा जोडतात आणि धाग्याच्या टोकाला प्रथिनातलं सिस्टीन हे अमिनो आम्ल. सिस्टीनच का? लायसीन हे दुसरं अमिनो आम्ल प्रथिनावर बऱ्याच ठिकाणी असतं, त्यामुळे कुठून पकडलं ते कळत नाही. सिस्टीन आपल्याला हव्या त्या टोकाला बसवून घेता येतं. शिवाय धाग्यामुळे प्रथिन पृष्ठभागापासून जरा दूर राहतं.

एवढं करूनही सुई बहुतेकदा रिकामीच परत येते. एखाद्या वेळी मात्र आलेखावर सारख्या अंतरानं दात उमटतात. त्यातला शेवटचा दात घडीचा नसतो. तिथे बांधणीच सुटलेली असते. सुईकडची की अभ्रकाकडची, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही.