तात आणि कुऱ्हाडीचा दांडा

शुक्रवारची सकाळ. निपाणीच्या बाजारातलं अरुंद दुकान. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी: गादी कारखाना. आत मशीन घरघरतंय. चाचांच्या भुवयांवर, दाढीवर कापूस बसलाय. दाढी मुळातच किती पांढरी, ते नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू केल्यावर कळतं.

चाचांचं आडनाव नदाफ. बेळगाव, खानापूर, चिकोडी, कुठंही हे आडनाव ऐकलं की बाप-आजाचा धंदा विचारावा लागत नाही. पिंजारी, कापूस पिंजणारे.

भिंतीवर वडलांची कापूस पिंजायची धनुकली टांगलेली आहे, तिची दोरी, म्हणजे तात, सैल पडलेली. ती खांद्यावर टाकून वडील गावोगाव हिंडायचे. तातेवर ठोका पडला की बायका जुन्या गाद्या अंगणात काढायच्या.

चाचा एक हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, मात्र अगदी रंगवून सांगतात. मदिनेतला एक गरजू अन्सारी, म्हणजे पैगंबरांना साथ देणाऱ्या मदिनेकरांपैकी एक, त्यांच्याकडे मागायला आला. घरात काय आहे? एक जाड कांबळं, अर्धं अंगावर, अर्धं अंगाखाली. आणि पाणी प्यायचं एक भांडं. पैगंबरांनी दोन्ही मागवली आणि तिथंच लिलाव पुकारला. पहिली बोली 1 दिरहमची, मग 2. एका दिरहमाचं घरी खाणं, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिचा दांडा त्यांनी स्वतः बसवला. म्हणाले, जा, लाकडं तोड, वीक, 15 दिवस मला दिसू नकोस. माणूस परतला तेव्हा त्यानं 10 दिरहम कमावले होते. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ही हकीकत आहे.

“दांडा बसवला की वो त्यांनी!” चाचा मूठ वळवून दाखवतात. “चार नाणी देऊन वाटेला लावलं असतं तर कोण विचारणार होतं?”

बुखारींच्या हदीससंग्रहात दाऊद पैगंबरांचं नाव येतं. राज्य हाताशी, तरी खायचे स्वतःच्या हातचं. कुराण सांगतं, त्यांच्यासाठी लोखंड मऊ केलं होतं. ते चिलखतं घडवायचे.

मशिदीतल्या मिंबरवरून, प्रवचनाच्या व्यासपीठावरून, हे ऐकायला सगळ्यांनाच गोड लागतं. सोयरीक जुळवताना मात्र ‘पिंजाऱ्याचं घर’ म्हणून नाक मुरडणारे आहेतच, आणि तेही नमाजाच्या त्याच रांगेत, सफेत, उभे राहणारे. कर्नाटकच्या मागासवर्ग यादीत नदाफ-पिंजार प्रवर्ग 1 मध्ये आहेत, ते काही उगाच नाही.

अजान होते. मशीन थांबतं. कुराणाच्या जुमुआ, म्हणजे शुक्रवार, नावाच्या अध्यायात सांगितलंय, नमाज झाली की जमिनीवर पांगा, अल्लाहची कृपा शोधा. चाचा शटर अर्धं ओढतात. आत गादीला सुई टोचलेली तशीच आहे.

“गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवा. चारच टाके राहिलेत.”