दुखणं, उदासी आणि मोडलेली झोप

(झोपेची प्रयोगशाळा, रात्र. तंत्रज्ञ वायरी लावते आहे.)

एक वायर डोक्यावर, एक डोळ्याच्या कडेला, एक हनुवटीखाली. आणखी बऱ्याच बाकी आहेत. इतक्या वायरी अंगावर घेऊन माणूस झोपतो कसा, असं वाटेल, पण झोपतो. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. ही तपासणी त्याच वाटेनं पुढे आलेली.

(पडद्यावरच्या रेषा.)

या बारीक, दाट रेषा जागेपणाच्या. आता त्या सैलावतात. आणि या उंच, संथ लाटा म्हणजे गाढ झोप. यांच्याकडे नीट बघा.

१९७५ मध्ये टोरांटोत हार्वी मोल्डॉफ्स्की आणि सहकाऱ्यांनी काही धडधाकट माणसांची नेमकी हीच झोप चाळवली. संथ लाटा दिसल्या की आवाज करायचा. सलग काही रात्री असं केल्यावर त्यांचे स्नायू नुसते दाबले तरी दुखू लागले. इजा कुठेच नव्हती. प्रयोगातली माणसं मोजकी होती, पण प्रश्न उभा राहिला तो राहिलाच.

(बर्फाच्या पाण्यात हात.)

एक हात असा गारठून दुखत असताना दुसरीकडे दाब दिला, तर तो एरवी कमी जाणवतो. मेंदू मज्जारज्जूकडे निरोप धाडून वेदनेला ब्रेक लावतो. २००७ मध्ये निरोगी स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात, रात्री वारंवार उठवलेल्या गटात हा ब्रेक ढिला पडला. तेवढीच थोडी झोप, पण सलग मिळालेल्या गटात तसं झालं नाही. म्हणजे किती तास झोपलात, एवढंच विचारून भागत नाही.

या निरोपांच्या वाटेवर सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही मेंदूतली रसायनं काम करतात. मनःस्थितीशीही त्यांचा संबंध आहे. ड्युलोक्सेटीन हे औषध नैराश्यावरही दिलं जातं आणि काही जुनाट दुखण्यांवरही, ते यामुळेच. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. उलटंही घडतं: नैराश्यात पहाटे फार लवकर जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही.

तिन्ही एकत्र आली की काम सुटतं, माणसं दुरावतात, आत्महत्येचा धोका वाढतो.

(खिडकीशी बसलेली रुग्ण. निवेदन नाही.)

(तपासणीची खोली.)

दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की त्याला जुनाट म्हणतात. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, हे पहिल्या मिनिटाला विचारतात. झोपेची चौकशी मात्र रुग्ण दाराशी पोचल्यावर, झालीच तर. आमच्या मते ती आधी व्हायला हवी.

(झोपेची वही.)

वहीत रोज लिहायचं: अंथरुणावर कधी पडलो, झोप कधी लागली, कितीदा मोडली. मग उठण्याची वेळ पक्की होते. अंथरुणातले तास कमी केले जातात. झोप येत नसेल तर उठून बसायचं. जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी ही वर्तनोपचार पद्धत वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. झोप सुधारते, मनही बऱ्याचदा सावरतं. दुखण्यातला फरक त्या मानानं कमी असतो.

सुरुवातीला दिवसा पेंग येते, चिडचिड होते. गाडी चालवणाऱ्यांनी तेवढे दिवस सांभाळायचं. आणि अंथरुणातले तास किती कमी करायचे, हे तज्ज्ञाला विचारूनच.