पहिली कयाक: रिकामी बघू नका, भरून बघा

मागे आवाज येतोय ना? ठीक. तर इथे बहुतेक ट्रेकर मंडळी दिसतायत, आणि निम्म्या लोकांनी तारकर्लीला नाहीतर गोव्यात तासभर भाड्याची कयाक चालवलेली असणार, आणि आता डोक्यात शिरलंय की स्वतःची घ्यायची, तंबू टाकायचा आणि खाडीच्या काठी कुठेतरी रात्र काढायची. मस्त आहे. फक्त ती भाड्याची दहा फुटी होती ना, तीच लगेच ऑनलाइन शोधायला बसू नका. ती कोणीही बसावं आणि कोणी पडू नये एवढ्यासाठीच बनवलेली असते, रुंद आणि आखूड. मुक्कामाचं सामान तिच्यात गृहीतच धरलेलं नसतं.

हिशोब करून बघा. तिच्या लेबलवर वजनाची क्षमता समजा १३५ किलो लिहिलीय. तो तरंगण्याचा आकडा झाला, नीट चालवण्याचा नाही, त्यातले साधारण दोन तृतीयांश आपले धरायचे, म्हणजे ९०. तुम्ही स्वतः ७५. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, शिधा, कपडे मिळून १२ तरी होतात. आणि पाणी! किल्ल्यावर टाकं सापडतं हो, खाडीचं पाणी खारट, उन्हात माणशी दिवसाला ४-५ लिटर लागतं, दोन दिवसांचे झाले १० किलो. बेरीज ९७. म्हणजे चहापत्ती भरायच्या आधीच आपण लिमिटच्या बाहेर.

म्हणून माझं मत, पहिली कयाक १४ फुटांच्या आसपासची, रुंदी ६० सेंटिमीटरच्या जवळपास. सोळा-सतरा फुटी सी कयाक सामान जास्त घेते, पळतेही छान, पण अरुंद असल्यामुळे नवख्याला सुरुवातीला डुगडुगते, आणि पार्किंगमध्ये ठेवायची म्हटली की सोसायटीची मीटिंग लागते ते वेगळंच.

आता ती पाण्याने भरली तर काय, हेही बघायचं. आत बसायच्या कयाकमध्ये पुढे आणि मागे आडव्या भिंती असतात, बल्कहेड म्हणतात त्यांना. त्या दोन्ही असतील तर उलटल्यावर पाणी फक्त मधल्या भागात शिरतं, दोन्ही टोकं तरंगत राहतात. स्वस्तातल्या मॉडेलला मागे एकच असते, कधी एकही नाही, मग शंभर-दीडशे लिटर पाणी आत, आणि तुम्ही बाहेर धरून लोंबकळताय. दुकानात सामानाच्या कप्प्याचं झाकण, म्हणजे हॅच, उघडा, टॉर्च मारा, हात घालून कडेचा सील चाचपा. आणि तंबू सोबत घेऊन जा हं, लाजू नका. जागा भरपूर असते पण हॅचचं तोंड लहान असतं, आणि आपला तंबू त्यातून जातच नाही हे घरी आल्यावर कळण्यात अर्थ नाही.

सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसायची कयाक, वाईट असं मी म्हणत नाहीये. आपलं पाणी गार नाही, पडलात तर परत चढणं सोपं, वर आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. तेरा-चौदा फुटी, हॅच असलेली मिळाली तर कोकणासाठी बिनधास्त घ्या. फक्त तिचं पोट बऱ्याचदा सलग पोकळ असतं, मध्ये भिंत नसते, त्यामुळे सगळं सामान ड्राय बॅगमध्येच, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

वाऱ्याचं एक सांगतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि खाडीत आत घुसतो, तेव्हा ओहोटीबरोबर परत निघालात तर वारा आणि पाणी समोरासमोर, आखूड उभ्या लाटा उठतात. त्यात बाजूने वारा लागला की कयाक तोंड वाऱ्याकडे वळवत राहते. मागच्या बाजूला खाली पाण्यात सोडायचं छोटं पातं, स्केग, असेल तर हातांचे हाल वाचतात. रडर, म्हणजे पायाने वळवायचं सुकाणू, पण चालतं, पण त्याला केबल, पेडल, म्हणजे बिघडायला जास्त गोष्टी. पहाटे निघणं सगळ्यात स्वस्त.

मटेरियल? प्लास्टिक, विषय संपला. खडकांवरची कालवं ब्लेडसारखी असतात, फायबरची फुटू शकते, प्लास्टिकवर नुसते ओरखडे. वजन २५-२८ किलो भरतं, त्यामुळे गाडीवर दोघांनी चढवा, आणि उन्हात पट्टे करकचून आवळू नका, तापलेल्या प्लास्टिकला पोचे पडतात. हां, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्यांनी हवा भरून फुगवायच्या कयाकचा विचार करा, धरणाच्या शांत पाण्यात ती चालते, खाडीत दुपारी नाही.

बोला, प्रश्न कोणाचे आहेत?